अँटिनात सापडलेला खण

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. तरी कुणी एखादी केस सांगा म्हटलं, की मला आधी आठवते ती गाडीच्या छतावरची, माशाच्या परासारखी एक काळी, पोकळ अँटिना. तेव्हा मी नगरला गुन्हे शाखेत निरीक्षक होतो.

सकाळची हजेरी नुकतीच संपली होती. सावेडीतले एक गृहस्थ प्लास्टिकची पिशवी अंगापासून लांब धरून माझ्यापुढं उभे राहिले. त्यांच्या गाडीची अँटिना बिघडली होती, रेडिओ नुसता खरखरायचा. म्हणून जुन्या स्पेअर पार्टच्या दुकानातून वापरलेली आणून बसवली. तीही चालेना. मेकॅनिकनं तिचं टोपण उघडलं, तर आत हिरव्या कापडाची ओलसर चिंधी, हळदकुंकू आणि तांदळाचे चार दाणे.

"साहेब, ही करणी आहे. माझ्या चुलतभावाचंच काम. बांधावरून आमचं वाकडं आहे. त्याच्यावर गुन्हा दाखल करा."

गृहस्थ शिकलेले, चांगल्या हुद्द्यावरचे. पण भाऊबंदकी एकदा डोक्यात शिरली, की माणसाला सगळीकडं भाऊच दिसतो. मी चिंधी उलटसुलट करून पाहिली. खणाचं कापड होतं. लिंबू नाही, बिबा नाही, टाचणी नाही. माझी आई दसऱ्याला वडिलांची सायकल अशीच पूजायची. ही कुणा बाईनं मायेनं ठेवलेली चिंधी होती. आणि राजीखुशीनं गाडी विकणाऱ्या घरातली बाई अशी वस्तू आधी काढून घेते. इथं ती काढायला कुणाला सवडच मिळाली नव्हती. म्हणजे ही अँटिना जिची, ती गाडी चोरीची असावी.

अँटिना ज्या बनावटीच्या गाडीची, तशीच गाडी पारनेर तालुक्यातल्या एका ड्रायव्हरच्या दारातून चोरीला गेली होती. गावातले पेशंट रात्री-अपरात्री नगरच्या दवाखान्यात नेणारा हा माणूस. पण गाडी गेली आणि गावानं ठरवून टाकलं, की विम्यासाठी यानंच ती विकली. आमच्यातल्याही दोघातिघांचं तेच मत होतं. तो दर आठवड्याला येऊन बाकड्यावर बसायचा. मला तो खोटा वाटला नाही. खोटी फिर्याद देणारा विम्याच्या कागदासाठी येतो. हा फक्त गाडी सापडली का, एवढंच विचारायचा.

मी त्याला बायकोसह बोलावून घेतलं. अँटिना ड्रॉवरमध्ये ठेवली आणि आधी त्याला एकट्याला आत घेतलं.

"तुझ्या गाडीच्या अँटिनाला काही खूण?"

"न्हाई साहेब. पानी गळत हुतं म्हनून म्या रबर बदललं हुतं."

"आत काही ठेवलं होतं?"

"आत काय ठिवनार? काय बी न्हाई."

हवालदारानं माझ्याकडं पाहून मान हलवली. माझंही मन खट्टू झालं. त्याला बाहेर पाठवून बायकोला बोलावलं, महिला अंमलदार शेजारी बसवली आणि तोच प्रश्न विचारला. तिनं आधी दाराकडं पाहिलं.

"त्यास्नी सांगू नका. नवी गाडी आली तवा म्या तिची वटी भरली. त्या खनाची चिंधी वर बांधली, तर वाऱ्यानं उडायची आन् हे हसायचे. रबर बदलताना टोपन काढून हे हात धुवाया गेले, तवा गुपचूप आत ठिवली. कुकू लावून."

"कसला खण?"

"हिरवा, तांबड्या काठाचा. उरलेल्याची चोळी शिवलीया, घरी हाय."

मी ड्रॉवर उघडला. तिनं चिंधीला हात लावला नाही. "आता तरी लोकं मानतील का, ह्यांनी गाडी इकली न्हाई म्हनून?"

"अजून नाही," मी म्हणालो. "चोर हाती येऊ दे."

मग अँटिना विकणाऱ्या स्पेअर पार्टच्या दुकानदाराला आणलं. असा माणूस माल कुठून आला ते मारलं तरी सांगत नाही. पण आपल्याला खराब माल कुणी गळ्यात मारला, हे सांगायला एका पायावर तयार असतो. मी चोरीचं नावही काढलं नाही. चहा दिला आणि म्हणालो, "तुमचा माल भिकार निघाला. आत ओलं फडकं. गिऱ्हाईक पोलिसांत आलंय."

तो भडकलाच. "साहेब, मला त्या संगमनेरच्या गॅरेजवाल्यानं फसवलं. तपासून दिलंय म्हनला हुता."

त्याच दुपारी पंच घेऊन आम्ही संगमनेरच्या शेडवर छापा घातला. गाडी निम्मी सुटी झाली होती, पण चॅसी नंबर अजून शाबूत होता. गॅरेजवाल्यानं दारातून गाडी उचलणाऱ्या दोघांची नावं दिली. पंचांसमोर चिंधी चोळीला लावली, तर काठाला काठ जुळला.

ड्रायव्हरला मी माझ्या जीपमध्ये पुढं बसवून गावी नेलं आणि भर चौकात पोलीस पाटलाला मोठ्यानं सांगितलं, की चोर सापडले, हा माणूस निर्दोष आहे. मला त्या दिवशी फार बरं वाटलं. सावेडीच्या गृहस्थांना मात्र फारसं बरं वाटलं नसावं. चुलतभावावर गुन्हा काही दाखल झाला नाही.

तेव्हापासून कोणत्याही चोरीत मी घरातल्या प्रत्येकाला खूण वेगवेगळी विचारली. मालकाला गाडीचा नंबर ठाऊक असतो. गाडीवर जीव कुणी कुठं लावून ठेवलाय, हे त्याला ठाऊक असेलच असं नाही.

पुढं त्या ड्रायव्हरनं दुसरी गाडी घेतली आणि मला पूजेला बोलावलं. बायकोनं ओटी भरली, खणाची कड फाडली आणि सवयीनं मुठीत लपवली. त्यानं ते पाहिलं. स्क्रू ड्रायव्हर घेऊन टपावर वाकला, अँटिनाचं टोपण स्वतः काढलं आणि तिच्यापुढं धरलं.