खुराड्याची कडी

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही. एका कोंबडीची तर गोष्ट. मग इतकी वर्षं का दाबून ठेवली?

अकोल्यात आमच्या घरामागं थोडी मोकळी जागा आहे. तिथं कोंबड्या पाळायच्या ठरवल्या तेव्हा मी जात नीट चौकशी करून निवडली. सुधारित — भरपूर अंडी देणारी आणि खुडूक न होणारी. खुडूक कोंबडी अंड्यांवर ठाण मांडून बसते, नवं अंडं देत नाही, जवळ गेलं की चोच मारते. मला अंडी हवी होती. पिल्लं काय, विकत मिळतात. आजही माझं मत तेच आहे.

पण खुराड्यात एक गावरान कोंबडी आधीच होती. उघड्या मानेची, दिसायला बेकार. सासूबाई अचलपूरकडचं घर बंद करून आमच्याकडे आल्या, तेव्हा एसटीत मांडीवर टोपली धरून तिला घेऊन आलेल्या. ती सदा खुडूक.

माझ्या नव्या कोंबड्या आल्या. सासूबाईंनी त्या न्याहाळल्या.

"यायतली खुडूक कोन होते?"

"एकही नाही, आई."

"कोंबड्या कायले म्हंतं मंग यायले? मशीनच म्हन."

मी हसले. पण गावरान कोंबडी नव्यांना अंडी घालायच्या जागी फिरकू देईना. एका दुपारी सासूबाई झोपल्या होत्या. कोंबड्या विकत घेणारा माणूस गल्लीत आला. मी तिला धरली आणि त्याच्या टोपल्यात टाकली.

त्या उठल्यावर मी म्हणाले — मुंगसानं नेली.

तेवढ्यावर थांबता आलं असतं. नाही का? पण मी पुढं म्हणाले, कडी उघडी होती. कडी रोज त्याच लावायच्या.

त्यांनी कडी हातानं चाचपून पाहिली. "मीच विसरली असन वो. मले तं आठवूनच नाई राहिलं."

मी भाकरी थापत राहिले.

त्यानंतर त्या खुराड्याकडं गेल्याच नाहीत. गॅस बंद केला की मला हाक. नळ बंद केला की हाक. "तू पाय वो, माया भरोसा नाई." पुढं त्या खरंच विसरायला लागल्या — की त्या धास्तीनंच तसं झालं? मला ठरवता येत नाही. अमरावतीच्या डॉक्टरांनी विचारलं, हे कधीपासून? नवऱ्यानं माझ्याकडं पाहिलं. आणि मी — सासूबाईंच्या समोर — कडीची गोष्ट सांगितली.

त्यांनी मान डोलावली. "हो. तवापासूनच."

त्या गेल्या. कोंबड्या आहेत, अंडी चांगली देतात.

त्या दुपारी कडी सासूबाईंनी लावली होती. ती मी काढली.