अठरा फेरे

चनबसप्पा म्हणजे वरच्या गल्लीला पाणी सोडणारा चावीवाला. रस्त्यातल्या खड्ड्यात लोखंडी चावी घालायची, व्हॉल्व्ह फिरवायचा आणि चावीतून पाण्याची थरथर हाताला लागली की थांबायचं. जास्त फिरवला तर खालच्या वस्तीत पाइप फुटतो, कमी फिरवला तर वरची गल्ली कोरडी. एकतीस वर्षं त्यानं हे केलं, पण फेरे कधी मोजले नाहीत. मोजायचे कशाला? हाताला कळत होतं की.

निवृत्तीला चार वर्षं उरली तसा तो पाणीखात्याच्या साहेबांच्या मागं लागला. "एक माणूस द्या, हाताखाली घेऊन शिकवतो." साहेब म्हणायचे, प्रशिक्षणाची यादी वरून येते. आली एकदा. चनबसप्पालाच दिवसभर हॉलमध्ये बसवून पडद्यावर हजेरीचं अ‍ॅप दाखवलं, समोसा दिला, सही घेतली. पाण्याचं कुणी नावसुद्धा काढलं नाही. वरातीमागून घोडं म्हणावं, तर इथं घोडंच नव्हतं.

तो रिटायर झाला आणि दुसऱ्या दिवशी कंत्राटावरचा बसू आला. पहिल्या पाळीला त्यानं पाइप फोडला. दुसऱ्या पाळीला भीतीनं व्हॉल्व्ह जेमतेम उघडला. वरच्या गल्लीत नळ नुसते फुसफुसले. चनबसप्पाचं घरही तिथंच. बायको शरणम्मानं रिकामी घागर त्याच्यापुढं ठेवली आणि ती आत गेली. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तो ऑफिसात गेला. "साहेब, चावी द्या. चार पाळ्यांत बसूचा हात बसवतो."

"रिटायर माणसाच्या हाती चावी दिली तर माझी नोकरी जाईल. किती फेरे ते लिहून द्या."

"मोजलं न्हाय हो कधी."

"मग अंदाजानं लिहा."

त्यानं डोळे मिटून हवेत हात फिरवून बघितला. हाताला काहीच लागेना. न लिहावं तर गल्ली आणखी एक पाळी तहानलेली. शेवटी त्यानं जीव मुठीत धरून कागदावर 'अठरा' लिहिलं आणि खाली सही केली.

पुढच्या पाळीला बसूनं इमानानं अठरा फेरे मोजले. खालच्या वस्तीत पाइप फुटून घराघरांत पाणी शिरलं आणि वरच्या गल्लीत थेंब आला नाही.

चनबसप्पा कागद परत मागायला धावला. कागद लॅमिनेट होऊन भिंतीवर लागला होता, वर मथळा 'नवीन कर्मचारी प्रशिक्षण'.

"हे चुकलंय साहेब. काढा की."

"आता कसं काढणार? वर पाठवलाय," साहेब म्हणाले. "आणि खाली सही तुमचीच आहे."