इझला की मावळला

परवा फोनवर तुम्ही नातवंडांनी सांगितलंत की तुमच्या शाळेत दूरच्या ग्रहांची छायाचित्रं मुलांना वाटून देतात, त्यांवरचे खड्डे मोजायला लावतात आणि ती मोजणी खऱ्या शास्त्रज्ञांकडे जाते. मी नुसतं "छान" म्हणून विषय बदलला. का बदलला, ते लिहून कळवते. फोनवर सांगितलं असतं तर घाईघाईत मी स्वतःला सोडवून घेतलं असतं.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मी बुलढाण्याला शिकत होते, मॅट्रिकला एक वर्ष बाकी होतं. त्या काळी माणसाने सोडलेले चंद्र, म्हणजे उपग्रह, आकाशातून फिरू लागले होते आणि त्यांतला एक तर नुसत्या डोळ्यांनी दिसायचा. आमच्या विज्ञानाच्या सरांनी एका वेधशाळेला पत्र घालून तक्ते मागवले. गावोगावच्या लोकांनी तो चंद्र पाहायचा, वेळ आणि दिशा लिहायची आणि तक्ते परत पाठवायचे. पहिले तक्ते नीट भरलेले गेले तर आमची शाळा त्यांच्या यादीत राहणार होती. नाहीतर नाव कटणार होतं. सरांनी हे इतक्या वेळा सांगितलं की वर्गातल्या कुणालाच स्वस्थ बसवेना. मला तर मुळीच नाही, कारण तक्ते इंग्रजीत होते आणि इंग्रजीत माझा नंबर पहिला होता.

माझ्या वाट्याला धाड हे गाव आलं. तिथे माझे मामा-मामी भाजीपाल्याची शेती करायचे आणि मामांकडे मनगटी घड्याळ होतं. शनिवारी सकाळची शाळा सुटल्याबरोबर मी एसटीने गेले. मामांनी ग्रामपंचायतीच्या रेडिओवर घड्याळ लावून आणलं, ते माझ्या हातात दिलं आणि वांग्यांची पोती भरायला निघून गेले. दिवस बुडाल्यावर मी आणि मामी बांधावर उभ्या राहिलो. एकीने आकाश पाहायचं आणि दुसरीने घड्याळावरची नजर काढायची नाही, असा सरांचा नियम होता. मी घड्याळ घेतलं. सेकंद मोजणं हे मामीचं काम नाही असं मला वाटलं.

सांगितलेली वेळ टळून गेली. मी कंदिलाशी वाकून काट्याकडे पाहत होते, पाय सारखे बदलत होते. मग मामी अगदी हळू म्हणाली, "आला बाई. सिल्लोडच्या अंगानं." मी वेळ लिहिली, दिशा नैर्ऋत्य. ती सांगत राहिली आणि मी लिहीत राहिले: डोक्यावर आला, आता बुलढाण्याच्या अंगाले चालला. हात लांब करून मुठीवर मूठ ठेवली की एक मूठ दहा अंश, हे तिला मी दुपारी शिकवलं होतं. ती मुठी मोजत होती. आणि एकदम म्हणाली, "इझला."

विझला? मी मान वर केली. आकाशात चांदण्या होत्या, हलणारं काही नव्हतं.

"मावळला ना?"

"मावयला नाही, इझला. तीन मुठी वर होता अजून."

मी पुन्हा विचारलं. झाडाआड गेला असेल, ढग आला असेल, असं सुचवून पाहिलं. तीन मुठींवर कोणतं झाड असतं, असं तिने मलाच विचारलं.

रात्री जेवण झाल्यावर मी तक्ता पक्का केला. नाहीसा कुठे झाला, या रकान्यापाशी माझी लेखणी अडली. त्या चंद्राला स्वतःचा उजेड नसतो हे मला पाठ होतं. ज्याला उजेडच नाही ते विझणार कसं? शिवाय इझला हा शब्द आमच्या घरी उच्चारला की वडील टोकायचे. मामी तर "मी जातो, मी करतो" असं बोलायची, तिकडच्या बायका बोलतात तसं. तिला चंद्राचं काय कळणार, असं मी मनातल्या मनातही म्हटलं नाही. फक्त इंग्रजीत लिहिलं, की ईशान्येला क्षितिजावर मावळला. निरीक्षकाच्या जागी माझं नाव घातलं. अक्षर सुरेख आलं होतं.

सोमवारी सरांनी सगळे तक्ते वर्गातच तपासले. आमच्यात अमडापूरची एक मुलगी होती. वसतिगृहात राहायची आणि फारशी बोलायची नाही. त्या शनिवारी ती गावी जाऊन आली होती. तिच्या तक्त्यात खाडाखोड होती. शेवटच्या रकान्यात तिने मोडक्या इंग्रजीत लिहिलं होतं की चंद्र मध्येच मेला. सरांनी याचा अर्थ विचारला तेव्हा ती उभी राहून म्हणाली, "इझला सर. मी आन् बाबानं दोघांनी पाह्यला."

मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, "कंदील होता का बे, इझायले?" सगळा वर्ग हसला. मीही हसले.

सरांनी माझा तक्ता वर धरला. नोंद कशी करावी ते पाहा म्हणाले. मग तांबडी पेन्सिल घेऊन अमडापूरच्या तक्त्यातली ती ओळ खोडायला लागले. इथे ढग आला असावा, ही ओळ तशीच पुढे पाठवली तर यादीतून आपलं नाव जाईल, असं ते तिला समजावत होते. ती मान हलवत होती. हो म्हणून की नाही म्हणून, ते मला कळलं नाही.

तेव्हा मी उठायला हवं होतं. उठले नाही. मधल्या सुट्टीत डबा उघडला आणि तसाच बंद केला. पुढच्या तासाला वहीच्या समासात त्याच त्या रेघा ओढत बसले, कागद फाटेपर्यंत. पाकीट दुसऱ्या दिवशीच्या टपालाने जाणार होतं. शाळा सुटल्यावर दोनदा फाटकापर्यंत गेले आणि परत आले. तिसऱ्यांदा सरळ प्रयोगशाळेत शिरले आणि सरांना सगळं सांगितलं.

सर रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, "तू पाहिलास का तो?"

"नाही सर. मी घड्याळ पाहत होते."

"मग नाव तुझं कसं?"

सरांनी कपाटावरचा पृथ्वीचा गोल उतरवून खिडकीतल्या उन्हात ठेवला आणि खडूचा तुकडा त्याच्याभोवती फिरवू लागले. उन्हातला खडू गोलाच्या मागे सरकला आणि काळवंडला. त्यांनी तो पुन्हा उन्हात आणला, पुन्हा मागे नेला. मग खाली बसले. आपल्याला सूर्य बुडाला तरी उंचावरच्या चंद्राला तो दिसतो, म्हणून चंद्र चमकतो, आणि पृथ्वीच्या सावलीत शिरला की मध्येच विझतो. "मला सुचायला हवं होतं," ते म्हणाले. त्यांनी अमडापूरच्या तक्त्यावरची तांबडी रेघ रबराने घासून पाहिली. ती गेली नाही. तेव्हा त्यांनी कोरा तक्ता काढला आणि त्या मुलीची नोंद जशीच्या तशी, स्वतःच्या हाताने उतरवायला घेतली. मला दुसरा कोरा तक्ता दिला आणि मामीने सांगितलं होतं तसा तो भरून घेतला. ज्यांनी पाहिलं त्यांची सही आण, म्हणाले.

घरी निरोप ठेवून मी संध्याकाळच्या एसटीने धाडला गेले. बस वाटेत दोनदा थांबली आणि दोन्ही वेळा मला उतरून पळत सुटावंसं वाटलं. दारात पोचले तर मामी हात पुसत बाहेर आली आणि वाकून माझ्या पाया पडली. आमच्याकडे भाचीच्या पाया पडतात. एरवी मी सवयीने उभी राहायचे. त्या दिवशी मागे सरले, तर ती म्हणाली, "काऊन वं? काय झालं?"

मी ओसरीवर बसून सांगितलं. माझं संपल्यावर ती म्हणाली, "मी खोटं सांगून राह्यलो असं वाटलं तुले?"

"खोटं नाही. चुकीचं."

"मंग मलेच काऊन उभं केलं तिथं? मामाले करायचं."

यावर मी रडले, पण ते तिला फारसं रुचलं नाही. तिने तक्ता मागितला, कुठे काय लिहिलंय ते बोट ठेवून वाचायला लावलं, आणि इझला याला इंग्रजीत जो शब्द मी घातला होता तो दोनदा वदवून घेतला. मग निरीक्षकाच्या जागी मोठ्या, सुट्या अक्षरांत सही केली. तिला लिहिता येत होतं. मी कधी विचारलंच नव्हतं.

सकाळच्या पहिल्या गाडीने मी परत आले आणि पाकीट त्याच दिवशी गेलं. वर्गात उभी राहून मी अमडापूरच्या मुलीची माफी मागितली. ती "बरं" म्हणाली. त्यानंतर आमची कधी मैत्री झाली नाही, हेही सांगून ठेवते.

दीड महिना मी पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून होते. मग उत्तर आलं. शाळेचं नाव यादीत राहिलं होतं, आणि खाली हाताने लिहिलेल्या दोन ओळी होत्या: धाड आणि अमडापूर इथल्या निरीक्षकांनी पुढच्या वेळी चंद्र विझल्याची वेळही सेकंदासकट नोंदवावी.

मी ते पत्र धाडला नेऊन मामीला वाचून दाखवलं. तिने विचारलं, "म्हंजे इझते हे त्यायले आधीच मालूम होतं?"

हाव, म्हटलं. मालूम असणारच.

"मंग आपल्याले काऊन इचारलं?"

मी तेव्हा काहीतरी उत्तर दिलं होतं. ते तिला पटलं नाही, आणि आता मलाही पटत नाही. तुम्ही मोजता ते खड्डेही त्या शास्त्रज्ञांना आधीच मोजता आले असते. मग तुम्हाला का विचारतात, ते तुमच्या शिक्षकांना विचारा आणि मला कळवा. आणि मोजताना शेजारच्या मुलाचा आकडा वेगळा आला, तर तो खोडायच्या आधी त्याला काय दिसलं ते ऐकून घ्या.