मराठी आकड्यांच्या चाली

शनिवार, १२ नोव्हेंबर २००५. र्युसेल्सहाइम, जर्मनी. शाळेच्या हॉलमध्ये सामना. हजर: संघातल्या नऊ मुली, त्यांत माझी सोळा वर्षांची मुलगी, गुणलेखनाच्या टेबलाशी बायको, प्रशिक्षक म्हणून मी, बाकावर एक पाहुणा. गैरहजर: दोघी, सर्दी.

पाहुणा म्हणजे शेजारच्या विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाचा नवा सहायक प्रशिक्षक. अमेरिकन. त्याआधी वर्ष-दोन वर्षांच्या करारांवर देशोदेशी पॉइंट गार्ड म्हणून, म्हणजे मैदानावर चाली पुकारणारा म्हणून, खेळलेला. त्यांच्या ज्युनियर संघासाठी तो माझ्या मुलीचा खेळ बघायला आला होता. ती गेली, तर आठवड्यातल्या सरावाच्या दोन संध्याकाळी आमच्या दोघांच्या उरणार नव्हत्या.

चार वर्षं ऑफिसातून थेट हॉलवर येऊन मी हा संघ उभा केला होता. समोरच्यांना कळू नये म्हणून प्रत्येक चालीला मराठी आकडा दिलेला. घरी मुलगी जर्मनमध्येच उत्तर द्यायची. तिच्या तोंडून मराठी ऐकू यायची ती इथेच: "तीन! पाच!"

आम्ही सामना जिंकलो. पाहुणा सरळ तिच्याकडे गेला.

"पाच म्हणजे तू डावीकडून आत, उंच मुलगी बाहेर. बरोबर?" त्याने इंग्रजीत विचारलं. एकाच सामन्यात सगळ्या चाली ओळखल्या होत्या त्याने. "जिथे खेळलो तिथले आकडे मी आधी शिकायचो. तुमचे शिकव."

ती शिकवायला लागली. "आठ. ठ! हवा सोड जोरात." दहानंतर थांबेल असं वाटलं. थांबली नाही. अकरा, बारा, तेरा.

"अहो, ऐकलंत? एकोणीस म्हणाली!" बायको हरखली.

"ऐकलं. पंचांची सही घेतलीस का?"

गाडीत बायको म्हणाली, "जिंकलो ना आपण? मग तोंड का असं?"

"बाबा," मागून मुलगी जर्मनमध्ये म्हणाली, "तो म्हणाला, चाली फार हुशारीने बसवल्यात."

त्याने नावं ठेवली असती तर बरं झालं असतं.

बुधवारी त्यांच्याकडून फ्रायगाबेचा कागद आला: जुन्या प्रशिक्षकाने सही करून खेळाडूला मोकळं केल्याचा. मी त्याला भोकं पाडली, फाइलला लावला, मुदतीची तारीख यादीत लिहिली. शुक्रवारपर्यंत टी-शर्ट धुवून झाले, पुढच्या सामन्याचा हॉल ठरला, सर्दीवाल्या दोघींना फोन झाले. यादीतल्या या तिन्ही कामांवर रेघ मारली.

सही तेवढी राहिली होती.