एका पत्र्यात तेरा

महिपती जगदाळे यांच्या नावावर आयुष्यात एकच पराक्रम जमा होता. ते एका पत्र्यात तेरा नग बसवत. बाकीच्या जगाला अकरा जमत.

हे ऐकून कोणी फारसं हलत नाही, याची महिपतींना कल्पना होती. अंबरनाथच्या एमआयडीसीत, मोरिवलीच्या अंगाला मधुशेठ भोईरांचं प्रेसशॉप होतं. तिथं गाड्यांच्या सीटखाली बसणारे लोखंडी आडवे दांडे दाबून निघत. सपाट पत्र्यावर तुकडे कसे आखायचे, हे ठरवणारा माणूस म्हणजे महिपती. सत्त्याण्णव साली एका जेवणाच्या सुट्टीत त्यांनी डबा न उघडता आठ तुकडे उभे आणि पाच आडवे असे एकमेकांच्या सांदीत बसवून दाखवले. वाचलेल्या पत्र्याच्या जिवावर मधुशेठनी त्या गटारीला सगळ्या शॉपला मटण घातलं, आणि मग ती रीतच पडली. पुढे गाड्या बदलल्या, नग थोडेफार बदलले, मधुशेठ गेले आणि त्यांचा मुलगा धर्मेश गादीवर आला. तेरा मात्र तेराच राहिले.

महिपती मूळचे आटपाडीकडचे. आयटीआय करून डाय-फिटर झाले, बदलापूरला घर केलं, आणि वाया जाणाऱ्या कोपऱ्यांचा राग घेऊन जगत राहिले. दिवाळीत बनूबाई शंकरपाळ्या कातायला बसल्या की ते मागे उभे राहून कडेचे तुकडे कसे वाचवता येतील ते सांगत. लग्नाच्या चौथ्या वर्षी त्यांना स्वयंपाकघरातून कायमचं बाहेर काढण्यात आलं. त्यांनी ते अन्याय म्हणून सोसलं.

असा माणूस सत्तावन्न वर्षांचा झाला आणि नवा पत्रा आला.

चाकणच्या सीटवाल्या कंपनीने माल बदलला. नवा पत्रा जाडीला जुन्याच्या दोन-तृतीयांश आणि ताकदीला तिप्पट. गाडी हलकी व्हावी, पेट्रोल वाचावं आणि धडकेत माणूसही वाचावा, असे त्यामागे एकंदर चांगले हेतू होते. शिवाय तो बराचसा जुनं लोखंड विजेच्या भट्टीत वितळवून केलेला होता. प्रत्येक गठ्ठ्यासोबत किती धूर झाला नाही याचं सर्टिफिकेट येई. न घडलेल्या गोष्टीचं सर्टिफिकेट महिपती पहिल्यांदाच बघत होते. त्यांनी त्यातला मथितार्थ काढला: भंगार.

सोबत चाळीस पानांचं इंग्रजी पुस्तकही आलं होतं. क्वालिटीला नवी लागलेली विठ्ठलवाडीची सोनिया ते वाचून त्यांच्याकडे आली आणि काही सांगू लागली. पत्रा हाताने वाचायचा असतो, आम्हाला पत्रा शिकवू नका, असं महिपतींनी तिला नम्रपणे सुचवलं. पुस्तक चहाच्या किटलीखाली गेलं.

पहिला छळ असा की पत्रा वाकेना. म्हणजे प्रेसखाली निमूट वाके, आणि प्रेस वर उचलला की आपल्या मूळ स्वभावावर जाई. काटकोन मागावा तर शहाण्णव अंश हाती येत. महिपतींनी डाय, म्हणजे दाबायचा साचा, पुन्हापुन्हा घासला. काटकोन हवा तर साच्यात चौऱ्याऐंशी मागायचे, मग तो घासाघीस करून नव्वदावर येतो, हे कळायला सहा आठवडे गेले. अठ्ठावीस वर्षांत एवढी हुज्जत त्यांच्याशी कोणी घातली नव्हती. बनूबाईंनीसुद्धा नाही.

पत्रा वाकायला लागला तसा तो फुटायला लागला. सगळा नाही. सात-आठ नग स्वच्छ निघत, मग चार-पाच नगांना वाकवलेल्या कडेवर केसासारखी चीर. दोन लॉट चाकणहून परत आले. तिसऱ्या वेळी नुसता माल आला नाही, निरोपही आला: शुक्रवारी आमचे साहेब येतील, समोर पन्नास नग काढून दाखवा, एकही फुटला तर काम दुसरीकडे.

धर्मेशने सगळ्यांना बोलावून परिस्थिती सांगितली. ऑनलाइन सामानाचं गोदाम करायला एक माणूस गाळा भाड्याने मागतोय, दोनदा येऊन छताची उंची मोजून गेलाय. चाकणचं काम गेलं तर तो त्याला होय म्हणणार होता. बावीस माणसं खाली मान घालून ऐकत होती. गोदामाला डाय-फिटर लागत नाही, हे महिपतींना कोणी वेगळं सांगायची गरज नव्हती.

महिपतींचा निकाल मात्र ठरलेला होता. दोष भंगाराचा. उल्हासनगरच्या गल्लीतला मोडका पंखा वितळवून कोणी गाडीला घालत असेल तर तो फुटणारच. त्यांनी तेल बदललं. साच्याची कड गोल केली. प्रेसचा दाब कमी केला, मग वाढवला, मग पहिल्यासारखा केला. धर्मेशकडून पोलाद कंपनीला कडक तक्रार लिहवली. कंपनीने आभार मानले, सगळ्या चाचण्या ठीक असल्याचं कळवलं आणि पुस्तकाचं एकतिसावं पान पाहावं अशी विनंती केली. किटली उचलायची कोणालाच गरज वाटली नाही.

गुरुवारी दुपारी सोनियाने एक साधी गोष्ट केली. पत्रा कापायच्या आधीच तिने मार्करने प्रत्येक तुकड्यावर नंबर टाकले, एक ते आठ उभे, नऊ ते तेरा आडवे. असे चार पत्रे दाबून झाल्यावर फुटलेले नग घेऊन ती महिपतींच्या टेबलाशी आली.

"काका, तुम्हाला राग येणार असेल तर मी उद्या सांगते."

"उद्या शुक्रवार आहे. राग आजच येऊन जाऊ दे."

तिने नग ओळीने मांडले. नऊ, दहा, अकरा, बारा, तेरा. पुन्हा नऊ, दहा, अकरा.

महिपतींनी एक नग उचलून उजेडात धरला. पत्रा लाटून केलेला असतो, आणि लाटल्याची बारीक रेघ त्याच्या अंगात राहते. बांबूसारखंच आहे ते. रेघेला आडवं वाकवलं तर सोसतं, रेघेवरच घडी घातली तर उभं चिरतं. हे त्यांना आयटीआयच्या पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं, आणि जुन्या मऊ पत्र्याने अठ्ठावीस वर्षं ते विसरायची मुभा दिली होती. कशीही घडी घाला, त्याने कधी ब्र काढला नाही. नव्या पत्र्याला ताकद होती, आणि ताकदवानांना असतो तसा नखराही होता.

"आडवे सगळे," ते म्हणाले.

"उभा एकपण नाय फुटला."

"हे पहिल्या दिवशी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं होतं. तुम्ही बोललात, पत्रा शिकवू नका."

"मग दुसऱ्यांदा सांगायचं. आमच्या घरी रोज चार-चारदा सांगतात."

सोनिया हसली नाही, हे तिचे उपकार.  तेरावा नग महिपतींच्या अजून हातात होता. मग ते त्या नगासकट धर्मेशच्या केबिनकडे चालू लागले. इकडच्या-तिकडच्या प्रेसवरची माणसं उगाच काही शोधत दाराशी जमली.

उद्यापासून सगळे नग उभे, एका पत्र्यात अकरा, असं त्यांनी सांगितलं. धर्मेशचा चेहरा पडला.

"भाऊ, अकरानी परवडत नाय. बाबांपासून तेरावर भाव बांधलाय आपला."

"तेरातले पाच आडवे, शेठ. ते फुटतात, धरायचे नाहीत. राहतात आठ."

धर्मेशने बोटांवर हिशेब केला, मग बोटं दुमडून पुन्हा केला.

"म्हणजे एवढे दिवस आपण आठच काढतो?"

"आठच."

"तेरा बोलून?"

"मी बोलून," महिपती म्हणाले. "चूक पत्र्याची नाही. माझी आहे."

वाक्य छोटं होतं, पण त्यांच्या तोंडून ते याआधी कधी निघालेलं नसल्याने बाहेर यायला वेळ लागला.   दाराशी उभ्या वेल्डर शंकरने मुद्द्याचा प्रश्न विचारला, मग गटारीचं काय? 

शुक्रवारी चाकणचे साहेब आले. तिशीतले, शर्ट खोचलेला, हातात टॅब. समोर पन्नास नग निघाले. त्यांनी प्रत्येक कडेवरून बोट फिरवलं, दहा-बारा नग भिंगाखाली धरले. एकालाही चीर नव्हती. टॅबवर हिरवी खूण पडली. धर्मेशने पहिल्यांदा श्वास सोडला आणि चहा सांगितला.

चहा येईपर्यंत साहेबांची नजर कोपऱ्यातल्या कातरणाच्या ढिगावर गेली.

"इतका स्क्रॅप? आमचं सस्टेनेबिलिटीचं टार्गेट आहे, पत्रा वाया जाऊन चालत नाही." त्यांनी टॅबवर दोन बोटं फिरवली आणि चित्र महिपतींपुढे धरलं. "हे बघा, सॉफ्टवेअरने लगेच काढून दिलं. काही पीस आडवे फिरवले की तेरा बसतात. तुमच्या लोकांनी कधी ट्राय नाही केलं?"

महिपतींनी चित्र पाहिलं. आठ उभे, पाच आडवे, सांदीत सांदी घालून. कोपराही तोच, अठ्ठावीस वर्षांपूर्वीचा. सोनियाने घाईघाईने खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली.

"बसतात, साहेब," महिपती म्हणाले. "फक्त राहत नाहीत."

त्यांनी फुटलेला एक नग त्यांच्या हातात दिला आणि रेघेचं सगळं समजावून सांगितलं, सावकाश, एकदा आणि मग दुसऱ्यांदाही. साहेबांनी मान डोलावली, इंटरेस्टिंग म्हणाले, नगाचा फोटो काढला. जाताना त्यांनी अहवालात दोन ओळी लिहिल्या. काम मंजूर. पुरवठादाराचा पत्रा वापर असमाधानकारक, सुधारणा अपेक्षित.

सोनियाने ते मराठीत करून सांगितलं. महिपतींनी तिला पुन्हा एकदा वाचायला लावलं. पत्रा वाया घालवणारा माणूस म्हणून आपली चाकणच्या फाइलीत नोंद झाली, हे दोन्ही वेळा तसंच निघालं.

सोमवारी गोदामवाला तिसऱ्यांदा आला. तिन्ही प्रेस चालू होते आणि धर्मेश काय सांगतो ते त्याला ऐकू येत नव्हतं. धर्मेशने मग हातानेच नाही म्हणून दाखवलं. महिपतींनी मान वर केली नाही. पत्र्याच्या उरलेल्या कडेवर पट्टी ठेवून ते मोजत होते. बाराव्याला चार बोटं कमी पडत होती, आणि याचा त्यांना अतोनात राग आला होता.