भिजत घातलेली कयाक

कयाक सहसा बुडत नाही. आमची मी बुडवली, तीही वर दगड ठेवून.

माझी सून कविता मुरुडला पर्यटकांना कयाकमधून फिरवणार होती. कयाक म्हणजे प्लास्टिकची, आतून पोकळ, अरुंद होडी. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचे पहिलेवहिले पाहुणे येणार होते आणि त्यांना कयाकमध्ये बसून मासे धरायचे होते. त्यासाठी गळाची काठी उभी ठेवायचा कप वर बसवायचा होता. लाइफ जॅकेट आणायला अलिबागला निघताना कविता म्हणाली, "आई, बाजारात जाताय तर इब्राहिमभाईंच्या दुकानातून चार स्टीलचे स्क्रू आणि चार रबरी नट आणा. आल्यावर मी बसवते."

इब्राहिमभाईंनी नट माझ्या तळहातावर ठेवला. बोटाच्या पेराएवढा काळा तुकडा.

"हे काय, औषधाच्या बाटलीचं बूच?"

"मावशी, पोकळ होडीत आत हात जात नाही. मागून नट कोण धरणार? म्हणून हे."

"माझ्या सासऱ्यांची होडी जन्मभर लोखंडी खिळ्यांवर चालली. ते जाड लोखंडी स्क्रू द्या."

"गंजतील."

"गंजले की घट्ट बसतात." (हे मी इतक्या ठामपणे म्हटलं, की बिचाऱ्यांनी लोखंडी स्क्रूच बांधून दिले.)

घरी येऊन मीच मुलाचं ड्रिल काढलं आणि चार भोकं पाडली. जरा ऐसपैस झाली. स्क्रू आत गेले, पण नुसते गरगर फिरत राहिले. मी घाबरले नाही. लाकडी होडी कोरडी राहिली की फटी पडतात. तिला पाण्यात ठेवायचं. लाकूड पाणी पितं, फुगतं, फटी बुजतात. आमच्या कोळीवाड्यात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक! म्हणून मी कयाक उथळ पाण्यात ढकलली, वर दगड ठेवले आणि भात टाकायला घरात गेले.

कविता परतली तेव्हा पाण्यावर फक्त नारिंगी टोक दिसत होतं.

"आई, कयाक कुठं हाय?"

"भिजत घातलीय."

"भिजत? ते काय वाल हायत?"

"फुगली की स्क्रू धरेल."

"प्लास्टिक फुगत न्हाय, आई." मग दगड उचलता उचलता ती हळूच म्हणाली, "उद्या आठला लोक येतील. काय दाखवू त्यांना?"

मी तडक दुकानात गेले. इब्राहिमभाई हसले नाहीत, ते जास्त लागलं. त्यांनी बादलीच्या फुटक्या झाकणाला भोक पाडलं, त्यात रबरी नट घातला आणि स्क्रू पिळायला लागले. मागच्या बाजूने ते रबर आखूड होत होत फुगलं, केंड माशाने पोट फुगवावं तसं. मी दोन्ही हातांनी ओढलं. हललं नाही.

"सोडवा," मी म्हटलं. त्यांनी स्क्रू उलटा फिरवला, रबर बारीक झालं.

"परत करा."

असं पाच वेळा करायला लावलं. इतकी वर्षं दर्या बघतेय, पण हात पोचत नाही तिथे शिरून आतून पकडणारं असं काही पाहिलं नव्हतं. एवढ्याशा बुचात केवढी अक्कल! मी चार नट आणि चार स्टीलचे स्क्रू पदरात बांधून आणले, प्रसादासारखे.

या नटांना भोक मोठंच लागतं म्हणे. माझ्या चारही भोकांत ते चपखल बसले. कविताने कयाकमधलं पाणी काढलं, कप बसवला.

सकाळी एका पाहुण्याने कप गदागदा हलवून पाहिला. "मजबूत आहे. कुणी बसवला?"

कविताने माझ्याकडे पाहिलं. "भोकं आईंनी पाडली."

"तरीच. जुना अनुभव दिसतोय आजींचा."

मी मान डोलावली. खोटं बोलायची मला सवय नाही; पण भोकं कशासाठी पाडली होती, हे त्यांनी विचारलं कुठं?