डाव्या हातासाठी सात तारा

माझ्या बायकोला अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा ती परसात कपडे वाळत घालत होती. मी पडवीत पेपर वाचत बसलो होतो. बराच वेळ बालदीचा आवाज आला नाही म्हणून मागे गेलो, तर ती कुंपणाच्या दगडी गडग्याला टेकून खाली बसली होती आणि स्वतःच्या उजव्या हाताकडे परक्या वस्तूकडे बघावं तशी बघत होती. मी विचारलं, "काय होतंय गं?" ती म्हणाली, "पिशवी." मला वाटलं, चिमट्यांची पिशवी मागतेय. ती समोर दोरीलाच लटकत होती. मी काढून तिच्या हातात दिली, तशी ती हातातून गळून पडली.

रत्नागिरीच्या दवाखान्यातून घरी आलो तेव्हा ती काठीच्या आधाराने चार पावलं टाकत होती. उजवा हात मेलेला. आणि बोलणं म्हणजे तेवढा एकच शब्द. चहा हवा असला तरी पिशवी, पंखा बंद करायचा असला तरी पिशवी, माझा राग आला तरी पिशवी. समजत मात्र तिला सगळं होतं. तोंडातून निघालेला शब्द चुकला आहे हे तिला कळायचं, ती डोळे मिटून पुन्हा जोर लावायची आणि पुन्हा तोच बाहेर यायचा. शेवटी ती भिंतीकडे तोंड करायची.

डॉक्टर म्हणाले होते, "जे परत यायचं ते बरंचसं पहिल्या काही महिन्यांत येतं. नंतर वेग कमी होतो." ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. सकाळी उठलो की पहिला विचार हाच, आणखी एक दिवस गेला.

ती पेटी वाजवायची. माझी नोकरी पोफळीच्या वीजघरात होती, तेव्हा कॉलनीतल्या बायकांच्या भजनात ती शिकली. निवृत्तीनंतर आम्ही मालगुंडला आमच्या घरी आलो तेव्हा पेटीही आली आणि इथल्या वाडीचं भजनही तिच्याशिवाय होईना. दवाखान्यातल्या व्यायाम शिकवणाऱ्या मुलीने सांगितलं, "काका, त्यांच्या आवडीचं काहीतरी करायला द्या. बोलणं अडतं, पण सूर कधी कधी शाबूत राहतो." म्हणून मी पेटी काढली. भाता मी मारायचा आणि तिने डाव्या हाताने वाजवायचं असं ठरवलं. तिने एक ओळ वाजवली. मध्येच माझा भाता कमी पडला आणि सूर ढासळला. पुन्हा सुरू केलं, आता जास्त झाला. तिसऱ्या वेळेला तिने माझा हात भात्यावरून ढकलून दिला आणि पेटीचं झाकण आपटलं. त्यानंतर ती पेटीकडे बघायलाही तयार नव्हती.

एका दुपारी मोबाइलवर असंच काहीबाही शोधताना मला लायर दिसली. लाकडाचं उथळ खोकं, त्यातून वर आलेले दोन बाहू, त्यांना जोडणारी आडवी दांडी आणि दांडीपासून खोक्यापर्यंत ताणलेल्या तारा. एक बाई ती मांडीवर घेऊन एकाच हाताने छेडत होती. ना भाता, ना पडदे दाबायचे. मी तो व्हिडिओ हिला दाखवला. तिने तो शेवटपर्यंत बघितला. तेवढंच मला पुरलं.

विकत मिळणाऱ्या लायरच्या तारा फार जवळजवळ होत्या. हिच्या डाव्या हाताची बोटंही आता ढोबळच हलायची, एक तार छेडायला जावं तर तीन छेडल्या गेल्या असत्या. म्हणून सातच तारा, आणि दोन तारांमध्ये बोटभर जागा, असं मी ठरवलं आणि स्वतःच करायला घेतलं. आयुष्यभर मी लोखंडाची कामं केली होती. लाकडाला रंधा कधी लावला नव्हता.

शेजारच्या वाडीतल्या सुताराकडे फणसाची फळी होती. त्याने ती उलटीपालटी करून मला दाखवली. "काका, लाकूड ओलं हाय अजून. दिवाळी जाऊ दे, मग घ्या."

"दिवाळीपर्यंत मला थांबता येत नाही," मी म्हणालो.

त्याला हिचं माहीत होतं. त्याने फळी कापून दिली.

मी पडवीत कामाला लागलो. ती खुर्चीत बसून बघायची. खोकं जुळवलं, बाहू बसवले. वरची पातळ फळी तासताना हाताला फोड आले. रत्नागिरीत पेट्या दुरुस्त करणाऱ्या दुकानातून सतारीच्या तारा आणि गिटारच्या खुंट्या आणल्या. एरवी ज्या वेळात हिला पायऱ्या चढउतार करायला लावायचो, तो वेळही मी लाकडाला दिला. मुलाचा मुंबईहून फोन आला की मी लायरबद्दलच बोलायचो. एकदा तो म्हणाला, "बाबा, आईचे व्यायाम चाललेत ना? की तुम्ही नुसतं तेच घेऊन बसलात?" मी फोन ठेवून दिला.

पहिल्यांदा तारा चढवल्या तेव्हा पाचवी ताणत असताना काडकन आवाज झाला. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीखालून वरची फळी आडवी फाटली होती. लाकूड सुकत होतं आणि मी त्यावर ताण देत होतो. आवाजाने ही दचकली आणि म्हणाली, "पिशवी, पिशवी." मी म्हणालो, "काही नाही, दुसरी घालतो."

फुटलेली फळी काढून पातळ प्लायवूड बसवलं, आतून आडव्या पट्ट्या दिल्या. या वेळी सातही तारा राहिल्या. मोबाइलवरच्या सूर दाखवणाऱ्या ॲपवर बघून मी सा रे ग म लावले. आंघोळ घालून, स्वच्छ साडी नेसवून तिला खुर्चीत बसवलं आणि लायर मांडीवर ठेवली. तिने डाव्या हाताचं बोट पहिल्या तारेवर ठेवलं. छेडली. दुसरी छेडली. मग तिने माझ्याकडे पाहिलं आणि लायर मांडीवरून ढकलून दिली. ती खाली आपटली आणि तिचा एक बाहू सांध्यातून निखळला.

मी मागच्या दारी जाऊन बसलो. इतके दिवस मी रडलो नव्हतो. आता ते आवरेना. डॉक्टरांनी सांगितलेले महिने जवळजवळ संपले होते. हिचा हात तसाच होता, शब्द एकच होता आणि मी एक मोडकं खोकं बनवलं होतं. आपण दोघंही संपलो तर बरं, असंसुद्धा मनात आलं. ते मी कुणाला सांगितलं नाही.

काही दिवस लायर कोपऱ्यात पडून होती. पुढे मी बाहू चिकटवला, तोही घरात मोडकी वस्तू बघवत नव्हती म्हणून. तारा पुन्हा चढवत होतो तेव्हा ॲप उघडलं नव्हतं, नुसत्या अंदाजाने खुंट्या फिरवत होतो. ही पलंगावर पडलेली. अचानक ती "अं" म्हणाली आणि हात हलवला. मी थांबलो. तिने बोट वर केलं. मी खुंटी थोडी पिळली. तिने आणखी वर केलं. मग तळहात आडवा धरला, म्हणजे बस. आणि तिने तो सूर गळ्यातून काढला. शब्दाशिवाय, घोगरा, पण नेमका. माझ्या ॲपने लावलेला ‘सा’ तिच्या भजनातल्या ‘सा’पेक्षा बराच खाली होता. तिने त्या दिवशी लायर का ढकलली ते मला तेव्हा कळलं.

संध्याकाळपर्यंत आम्ही सात तारा लावल्या. मी खुंटी फिरवायची, तिने मान हलवायची. झटका आल्यापासून आमचं इतकं लांब बोलणं झालं नव्हतं.

तिचा हात परत आला नाही. बोलणंही नाही. व्यायामवाल्या मुलीने आता रत्नागिरीला इतक्या वेळा यायची गरज नाही असं सांगितलं तेव्हा त्याचा अर्थ आम्हाला दोघांनाही समजला, आणि येताना एसटीत आम्ही खिडकीबाहेरच बघत होतो. पूर्ण भजन ती वाजवू शकत नाही. एखादी ओळ वाजवते, अडखळते, सोडून देते. कधी दिवसेंदिवस हात लावत नाही.

खाऱ्या हवेने तारा गंजतात, त्या मला सारख्या बदलाव्या लागतात. प्रत्येक वेळी सूर तीच लावून घेते. सहाव्या तारेवर आमचं जमत नाही. तिच्या मते ती उतरलेली असते, मला ती बरोबर वाटते. ती मान हलवत राहते, मी खुंटी पिळतो.